येतानाचा रस्ता

गेल्या वर्षी मुलीने मला नवं हेल्मेट घेऊन दिलं. त्यात कानांपाशी छोटे स्पीकर बसवलेले आहेत. फोनशी जोडले की नकाशातली बाई थेट डोक्यात बोलायला लागते. या वयात मी मोटारसायकल चालवतो हेच मुळात मुलीला पसंत नाही. त्यात मी रस्त्याच्या कडेला थांबून, खिशातून फोन काढून, चष्मा कपाळावर चढवून नकाशा बघतो, हे तिला कोणीतरी सांगितलं. मी म्हटलं, जन्म गेला माझा दिल्लीत, मला कोण रस्ता सांगणार? ती म्हणाली, दिल्लीत गेला ना, मग आता द्वारकेतून गुडगावला जाताना दर वेळी मानेसरकडे का लागता? पोरगी फटकळ आहे. दुसऱ्या कोणाची नाही, माझीच.

ते हेल्मेट घालून मी पहिल्यांदा बाहेर पडलो तो एका जुन्या मित्राकडे जायला. सोसायटीच्या गेटातून बाहेर आलो, गोल चक्कर ओलांडलं, आणि ती बाई बोलली. "दो सौ मीटर के बाद बाएँ मुड़ें." साधंच वाक्य. पण ते वाऱ्यातून आलं नाही. ते कवटीच्या मागच्या बाजूने, हाडातून आल्यासारखं आलं, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "हो बाबा."

मी गाडी कडेला घेतली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि असता तरी भर दुपारी द्वारकेच्या सहापदरी रस्त्यावर कुठलं भूत येणार? तरीही मागच्या सीटकडे मान वळवून बघायची माझी हिंमत झाली नाही. तसाच पुढे बघत थोडा वेळ बसलो आणि मग वळण चुकवून सरळ निघून गेलो.

त्याचं कारण असं, की हेल्मेटच्या त्या जागेतून पूर्वी बाबा बोलायचे.

आम्ही लक्ष्मीबाई नगरात राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते, क्वार्टर त्यांच्या नोकरीचा. शेजारी तमिळ, समोर बंगाली, वरच्या मजल्यावर गढवाली. उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. बाबा पुण्याहून तरुणपणी आले ते स्कूटरवरून सगळी दिल्ली पालथी घालून बसले होते. बदलून आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला गॅसचं ऑफिस कुठे, शाळा कुठली, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात थालीपीठ कोणत्या दिवशी मिळतं, हे सांगणारा माणूस म्हणजे बाबा. कोणी पत्ता विचारला की त्यांचा चेहरा खुलायचा.

नव्वदीच्या दशकात, नवे पैसे आणि नव्या गाड्या दिल्लीत यायला लागल्या त्या दिवसांत, बाबा घरातल्या घरात आपटायला लागले. आधी कपाटाचा कोपरा, मग दाराची चौकट. आई म्हणायची, बघून चाला. एका सकाळी त्यांनी स्कूटर उभ्या रेहडीवर, भाजीच्या हातगाडीवर घातली. भाजी रस्त्यावर, बाबा रस्त्यावर. रेहडी अगदी शेजारून, उजव्या अंगाला होती आणि त्यांना ती दिसलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं आधी जातं, माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं हळूहळू जाईल.

घरी आल्यावर बाबांनी दार लावून घेतलं आणि मला आणि आईला समोर बसवलं. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. मराठी अधिकाऱ्यांच्या एका सोसायटीत त्यांनी फ्लॅट घेतला होता, पालमच्या पलीकडे पप्पनकलांला. ज्याला आता सगळे द्वारका म्हणतात, त्याचं ते जुनं नाव. तिथे अजून पायासुद्धा खोदलेला नव्हता. बाबांचा हिशेब सरळ होता. डोळ्यांचं ऑफिसात कळलं की मेडिकल बोर्ड बसणार, बोर्ड घरी पाठवणार, नोकरीबरोबर क्वार्टर जाणार, आणि पगार थांबला की सोसायटीचे हप्ते थांबून तो न बांधलेला फ्लॅटही जाणार. फ्लॅटची किल्ली हातात येईपर्यंत ही गोष्ट या खोलीबाहेर जाता कामा नये, असं त्यांनी सांगितलं. आता लोक मला म्हणतात की कायदा होता, तसं काही झालं नसतं. असेल. पण ते विचारायला जायचं म्हणजे आधी डोळ्यांचं सांगणं आलं, आणि तेच तर सांगायचं नव्हतं.

स्कूटर विकली. कंबरेचं दुखणं जडलंय असं ऑफिसात सांगितलं. मी तेव्हा नेहरू प्लेसला कम्प्युटरच्या एका खाजगी कंपनीत नुकताच लागलो होतो आणि शंभर सीसीची मोटारसायकल घेतली होती. त्या दिवसापासून बाबांना मंत्रालयात सोडणं आणि संध्याकाळी आणणं माझ्याकडे आलं.

दिल्लीत मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागायचं. तोंड झाकणारी दोन हेल्मेटं, मध्ये वारा, भोवती ब्लू लाइन बसचे हॉर्न. मागचा माणूस कितीही ओरडला तरी पुढच्याला काही कळायचं नाही. पहिल्याच दिवशी बाबांनी त्यावर उपाय शोधला. त्यांनी आपलं हेल्मेट पुढे झुकवून माझ्या हेल्मेटला मागून टेकवलं आणि साध्या आवाजात बोलले. तो आवाज दोन्ही टणक कवचांतून सरळ माझ्या डोक्यात उतरला. टेकताना टक् असा बारीक आवाज व्हायचा आणि मग बाबा बोलायला लागायचे.

"आता चढ लागेल. उतरल्यावर डावीकडे राहा."

मला हसू यायचं. घर ते ऑफिस, रोजचा रस्ता, तो मला काय सांगायचा होता? पण ते सांगत राहायचे. आय.एन.ए. मार्केटचा मासळीचा वास आला की, आता पुढे पूल. पुलाचा चढ पोटात जाणवला की, खाली उतरून पहिलं चक्कर. चक्कराला गाडी कलली की मनात काहीतरी मोजल्यासारखं थांबून, आता सोड, बाहेर पड. पहिल्या वर्षी त्यांना समोरचं थोडं दिसत होतं, बांगडीतून बघावं एवढं. ते वर्तुळ लहान होत गेलं तसं बोलणं वाढत गेलं. मी एकदा मुद्दाम न सांगता दुसऱ्याच रस्त्याने वळलो, त्यांची परीक्षा बघायला. लगेच टक्. "इकडे कुठे शिरलास? इकडे झाडं चिंचेची आहेत." झाडं खरोखरच चिंचेची होती. बरेच दिवस मी परत तसा शहाणपणा केला नाही.

रस्ता पाठ राहावा हे या सांगण्याचं अर्धंच कारण होतं. सिग्नलला ऑफिसातली माणसं भेटायची, कोणी स्कूटरवर, कोणी चार्टर्ड बसच्या खिडकीत. तिथे बाबा हेल्मेटची काच वर करून मोठ्याने, खास त्यांच्यासाठी हिंदीत म्हणायचे, "बेटा, अगले कट से राइट ले लेना." रात्री जेवताना त्यांनी मला हे समजावलं होतं. जो रस्ता सांगतो त्याला दिसत नसेल अशी शंका कोणाला येत नाही, म्हणाले. मला ते तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. आता वाटतं, एखादा माणूस आपल्या अंधाराभोवती एवढा राबतो तेव्हा त्याला किती भीती वाटत असेल.

घरी रात्री आई फायली वाचून दाखवायची. तिचं इंग्रजी पुण्याच्या शाळेतलं, प्रत्येक शब्द ठणठणीत. 'दि अंडरसाइन्ड इज डायरेक्टेड टु' असं ती आरती म्हणावी तसं म्हणायची आणि बाबा नोटिंग सांगायचे. अक्षर आईचं, सही बाबांची. ऑफिसात सगळ्यांना वाटायचं, साहेब घरी नेऊन काम करतात, काय निष्ठा. रविवारी कोपर्निकस मार्गावरच्या अतिथीगृहात बाबा मराठी वर्तमानपत्र उघडून धरायचे आणि मी शेजारी चहा पिता पिता पुटपुटत मथळे सांगायचो. मग ते समोरच्या माणसाला म्हणायचे, वाचलंत का, आज काय छापलंय? कधी कधी मलाही क्षणभर वाटायचं की यांना दिसतंय.

पप्पनकलांची जागा बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी एकदाच बघितली होती, भूमिपूजनाला. पालमचं रेल्वेफाटक ओलांडलं की वस्ती संपायची. पुढे सरसोंची शेतं, विटांचे ढीग, कीकरची काटेरी झुडपं आणि लोखंडी खांबांवर सोसायट्यांच्या लांबलचक नावांच्या पाट्या. अर्धी दिल्ली त्या शेतांत आपली घरं शोधत फिरत होती. त्या एका दुपारी बाबांनी उरलेल्या नजरेने तो रस्ता पिऊन टाकला. नंतर आम्ही काम बघायला जायचो तेव्हा त्या दुपारच्या खुणांवर ते मला रस्ता सांगायचे.

एका शनिवारी प्रकरण जवळजवळ उघडकीला आलं. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे बाबांच्याच मंत्रालयातले जॉइंट सेक्रेटरी. मराठी माणूस, सज्जन, पण नियमाला पक्का. त्यांना जागा बघायची होती आणि त्यांच्या ड्रायव्हरला रस्ता माहीत नव्हता. ते गाडी घेऊन थेट क्वार्टरच्या दारात आले. "चला ना तुम्ही बरोबर, तुम्हाला रस्ता बिल्कुल पाठ आहे म्हणतात." नाही म्हणायला जागाच नव्हती. बाबा पांढऱ्या ॲम्बॅसडरमध्ये ड्रायव्हरशेजारी पुढे बसले, साहेब मागे. मी येताना बाबांना आणायला म्हणून मोटारसायकल घेऊन त्यांच्या मागे निघालो.

हेल्मेटमध्ये पहिल्यांदाच नुसता वारा होता. मला बाबांचा आवाज येत नव्हता, दिसत होता तो त्यांचा हात. खिडकीतून बाहेर यायचा आणि दिशा दाखवायचा. मोतीबागला सरळ. धौला कुआँला डावीकडे. कॅन्टोन्मेंटमध्ये शिरताना उजवीकडे. प्रत्येक वळण अचूक. गाडीचे धक्के आणि चढउतार मोजत तो हात चालला होता, हे जगात फक्त मला माहीत होतं. फाटकावर रूळ ओलांडताना गाडी दणदण उडाली आणि पलीकडे हात लगेच बाहेर आला, सरळ.

सरळ रस्ता नव्हता. आदल्या आठवड्यात तिथे मोठी गटार खणायला घेतली होती आणि रस्ता डावीकडून शेतातून वळवला होता. ॲम्बॅसडर हळू झाली. ड्रायव्हरने काहीतरी विचारलं असणार, कारण बाबांचा हात परत बाहेर आला आणि ठामपणे, बोट ताठ करून, त्या खड्ड्याकडे रोखला गेला.

मी हॉर्न वाजवत गाडीला वळसा घालून पुढे झालो, ड्रायव्हरला हाताने खूण केली आणि कच्च्या रस्त्याला लागलो. मागे बघायची सोय नव्हती. धूळ उडवत, कीकरला घासत पुढे जात राहिलो आणि ती गाडी माझ्या मागे आहे की नाही हे आमच्या पाटीपाशी पोहोचल्यावरच कळलं. आली होती. साहेब उतरले, रुमालाने मान पुसली आणि बाबांना विचारलं की तुमचा मुलगा असा एकदम पुढे का घुसला. बाबा माझ्या दिशेने तोंड करून म्हणाले,

"हल्लीच्या पोरांना वाटतं, बापाला रस्ता माहीत नाही."

साहेब खळखळून हसले. संध्याकाळी घरी आल्यावर बाबांनी मला विचारलं, मी हात कुठे दाखवला होता रे? मी म्हटलं, खड्ड्यात. ते हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना, तेव्हा आईने मला खोलीबाहेर जायला सांगितलं.

पण निभावलं. बाबा वेळेवर, मानाने निवृत्त झाले. शाल मिळाली, भाषणं झाली, विभागाचा फ्रेम केलेला ग्रुप फोटो मिळाला. बाबांनी तो हातात धरून म्हटलं, छान आलेत सगळे. फोटो उलटा होता. आईने पदर सावरता सावरता तो सरळ केला. फ्लॅटची किल्ली आली, पाणी टँकरने आणि वीज मर्जीने, पण किल्ली आली. क्वार्टर सोडायच्या मुदतीच्या आत आम्ही सामान हलवलं. आम्ही जिंकलो होतो. आईने देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, सुटलो.

घरातलं बाबांनी लगेच पाठ केलं, कुठली खोली किती पावलांवर. जिन्याखालचं मात्र काही केल्या जमेना. सगळे सेक्टर सारखे, सगळी चक्करं सारखी, रस्ते रुंद आणि रिकामे. चढ नाही, उतार नाही, बाजाराचा वास नाही. इमारतींचे नुसते सांगाडे आणि डोक्यावरून पालमला उतरणारी विमानं. मी त्यांना मागे बसवून शिकवायचा प्रयत्न केला. इथे शाळा होणार आहे, इथून डावीकडे भाजीवाला बसतो. ते ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, अरे, जे एकदा तरी बघितलेलं असतं ना, तेच पाठ होतं. भूमिपूजनाच्या दिवशी बघितलेली शेतं तेवढी त्यांच्याकडे होती, आणि ती आता कुठेच नव्हती.

मग संध्याकाळी ते म्हणायला लागले, चल, जरा फिरून येऊ. कुठे, ते सांगायची गरज नसायची. आम्ही निघायचो. सोसायटीपासून पालमपर्यंत मागे शांतता. फाटकाचे रूळ ओलांडले की टक्. हेल्मेट टेकायचं आणि आवाज सुरू व्हायचा, ऑफिसच्या दिवसांतला, भरलेला, हुकमी. कॅन्टोन्मेंटमध्ये वेग कमी कर, मिलिटरी पोलीस असतात. धौला कुआँला डाव्या बाजूने नको, बस कापतात. रिंग रोड. मोतीबाग. आता राइट. आता हळू, पुढे आपली गल्ली.

लक्ष्मीबाई नगरात आमच्या क्वार्टरसमोर मी गाडी थांबवायचो. आत दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. दाराशी लहान मुलाची तीनचाकी उभी असायची. बाबा विचारायचे, दिवा लागलाय का? लागलाय. कुठल्या खोलीत? स्वयंपाकघरात. मग ते तिकडे तोंड करून बसायचे. आम्ही हेल्मेटं काढायचो नाही. काढली असती तर ओळखीचं कोणी भेटलं असतं, आणि या, आत या, करत बसलं असतं. एकदा आतल्या बाईने पडदा सरकवून आमच्याकडे बघितलं आणि पटकन परत ओढून घेतला. तिचं काय चुकलं? दोन बिनचेहऱ्याची माणसं रोज संध्याकाळी घराकडे बघत उभी राहतात. भुतं बहुतेक अशीच असतील, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्यांतलं एक मी आहे याची भीती वाटली.

परत येताना बाबा रिंग रोडवर बोलायचे, धौला कुआँपर्यंत बोलायचे. फाटकाचे रूळ ओलांडले की हेल्मेट माझ्या हेल्मेटपासून सुटायचं. पुढचा रस्ता त्यांचा नव्हता. मी पुढून ओरडून सांगायचो, आता डावीकडे वळतोय, आता चक्कर आलं, पाण्याचा टँकर उभा आहे. माझा आवाज वारा घेऊन जात असणार. कधी मागून हं यायचं, बहुतेकदा काही नाही. एकदा मी घाबरून एक हात मागे घेऊन चाचपलं, बसलेत ना म्हणून. बसलेले होते.

आई म्हणायची, नको नेत जाऊस त्यांना, तिकडून आले की जेवत नाहीत. मला ते दिसत होतं. पण सबंध दिवसात ते आपल्या जुन्या आवाजात बोलायचे ती तेवढीच वेळ. ती मी कशी बंद करणार होतो?

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. फाटकाच्या जागी उड्डाणपूल आला, रुळांचे धक्के गेले. द्वारकेत आता भाजी, शाळा, मेट्रो, सगळं आहे, आणि गाडी लावायला जागा नाही. नकाशातल्या बाईला हे सगळं ठाऊक आहे. प्रत्येक सेक्टर, प्रत्येक कट, कुठे वाहनं अडली आहेत तेसुद्धा. तिला जातानाचा रस्ता येतो आणि येतानाचाही येतो. पालमच्या पुलावरून उतरताना ती गप्प होत नाही. पण तिथे आलं की माझे खांदे आपोआप आखडतात आणि मागे काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. मग ती बोलली की मी तेच मराठीत मागे सांगतो. डावीकडे वळतोय. चक्कर आलं. परवा मुलीशी बोलून झाल्यावर फोन चालूच राहिला होता आणि ती पलीकडून ऐकत होती. कोणाशी बोलताय, म्हणाली. मी म्हटलं, मागच्याशी. तिने आजोबांना बघितलेलं नाही. ती म्हणाली, बरं, हळू चालवा.

आम्ही लक्ष्मीबाई नगरला शेवटचे गेलो ती संध्याकाळ थंडीच्या सुरुवातीची होती. दिवा लागला होता, तीनचाकी आत घेतलेली होती. बाबा नेहमीपेक्षा लवकर म्हणाले, चल. परतीच्या वाटेवर ते धौला कुआँच्याही आधीच गप्प झाले. मीही काही सांगितलं नाही, त्या दिवशी घसा बसला होता. अंधारून येत होतं, आमच्या सेक्टरात वीज नव्हती. मी सोसायटीच्या गेटापाशी गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

बाबा उतरले नाहीत. मी वाट बघितली. मग मागून त्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला टेकलं. राहायला आल्यापासून फाटकाच्या या बाजूला ते कधी टेकलं नव्हतं. वारा नव्हता, इंजिन नव्हतं, त्यामुळे आवाज अगदी स्वच्छ आला.

"आता घरी घे."

मी म्हटलं, बाबा, आलोय आपण. ते चिडले नाहीत. तेच शब्द त्यांनी परत म्हटले, सकाळी ऑफिसला निघताना म्हणायचे तशा सरळ आवाजात. मला रडू येत होतं आणि त्यांना ते कळू द्यायचं नव्हतं. मी किक मारली. सेक्टरला पूर्ण फेरी घातली, सांगाड्यांच्या कडेने, बंद दिव्यांच्या खांबांखालून. कुठे वळतोय ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या बाजूने त्याच गेटापाशी आलो आणि थांबलो.

"आलं?" त्यांनी विचारलं.

"आलं."

ते उतरले. हात पुढे करत गेटापर्यंत गेले आणि गज हाताला लागल्यावर तिथेच उभे राहिले. एक विमान अगदी खालून गेलं. त्याचा आवाज विरेपर्यंत आम्ही दोघेही थांबलो.

"हे मघाचंच आहे ना?"

त्यांना खोटं सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी म्हटलं, हो.

त्यांनी हेल्मेट काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, बरं, मग हेच. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते जिना चढले आणि वर जाऊन पोटभर जेवले. आईला फार बरं वाटलं. त्यानंतर ते तीन वर्षं होते. दवाखान्यात, बँकेत, लग्नाकार्याला माझ्या मागे बसून यायचे, कधी कधी अगदी त्यांच्या जुन्या रस्त्यांवरूनही. पण त्यांनी मला पुन्हा कधीच रस्ता सांगितला नाही.